घरच्या म्हणून आलेल्या तलंगा

नवी कोंबडी जुन्या कोंबड्यांत कशी सोडायची हे मला सासूने शिकवलं. तिने शिकवलेल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी मी विसरले, काही मुद्दाम विसरले. ही मात्र पक्की राहिली. कारण आमच्या घरात ती रीत एकदाच मोडली, आणि मोडली ती माझ्या वडिलांमुळे.

लढाईची वर्षं होती. आमचं गाव नगरपासून चार-पाच कोसांवर. नगरच्या कॅम्पात पलटणी येऊन पडल्या होत्या, आणि त्या सोल्जरांना अंडी लागत. एक अंडीवाला सायकलवर पत्र्याचा डबा बांधून गावोगाव फिरायचा. डब्यात भुसा, भुशात अंडी. त्याच्याआधी गावात कोंबड्या होत्या त्या पाहुणा आला तर कापायला किंवा देवाला द्यायला. अंडीवाला यायला लागला आणि बायकांनी खुराडी बांधली. माझ्या सासूचं खुराडं सगळ्यांत मोठं होतं. अंडी उबवायला बसलेल्या एका खुडूक कोंबडीपासून तिने सुरुवात केली होती, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी दार उघडलं की अंगण भरून जात होतं.

सासऱ्यांच्या गळ्यात माळ होती. ते अंड्याला शिवत नसत, म्हणून अंड्याच्या पैशालाही हात लावत नसत. त्यांना वाटायचं त्यांनी मोठा धर्म पाळला. सासूला वाटायचं बरं झालं. शेतातलं सगळं सासऱ्यांच्या आणि मुलांच्या हातात होतं. ज्वारी-बाजरीचा एक दाणा ती न विचारता विकू शकत नव्हती. कोंबड्या तेवढ्या तिच्या होत्या.

आणि त्या कोंबड्यांवर माझी नणंद जगत होती. माझ्यापेक्षा मोठी, नवऱ्याने टाकलेली, पदरात एक लहान मुलगी. ती परत आली तेव्हा सासरे जेवताना म्हणायचे, "हिचं आन हिच्या पोरीचं प्वाट कुनी भरायचं?" सासू भाकरी थापता थापता म्हणायची, "माझ्या कोंबड्या भरत्यात. तुमी तुमचं खावा." मग सासरे गप्प बसायचे. मी नवी होते, पण एवढं मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, की या घरात नणंदेला ताट मिळतं ते खुराड्यात कोंबड्या आहेत तोपर्यंत.

म्हणून सासू कोंबड्यांना जपायची. फार जपायची. तिला आम्ही आत्याबाई म्हणत असू. बाजारातून कोंबडी आणली तर ती अंगणात यायचीच नाही. गावाबाहेर आमचं खळं होतं, तिथे कडब्याच्या गंजीमागे तिला पायाला दोरी लावून खुंटीला बांधायची. तिचं पाण्याचं मातीचं परळ वेगळं. सकाळी आधी घरच्या कोंबड्यांना दाणे टाकायचे, मग खळ्यावर जायचं; उलटं करायचं नाही. खळ्यावरून आलं की राखेने हात धुवायचे, पायसुद्धा. मी एकदा पाय न धुता खुराड्याजवळ गेले तर तिने शेणाचा पो माझ्या पाठीवर मारला होता.

"पायाला काय लागलं ते तुला दिसतंय व्हय?" ती म्हणाली. "मला बी दिसत न्हाई. म्हनून धुवायचं."

एक अमावास्या उलटून जाईपर्यंत ती नवी कोंबडी खळ्यावरच. रोज तिचा तुरा बघायचा, डोळे बघायचे, शीट बघायची. हिरवट-पांढरी शीट दिसली की तिला घरात आणायचा विषय संपला. सगळं नीट असलं की मग तिला डालग्याखाली झाकून अंगणात ठेवायचं. डालगं म्हणजे कामट्यांची उपडी टोपली; आतली बाहेर बघते, बाहेरच्या आत बघतात, पण चोच लागत नाही. त्या डालग्याभोवतीच दाणे टाकायचे, म्हणजे जुन्यांना तिच्या अंगाजवळ खायची सवय होते. असे काही दिवस गेले की दिवेलागणीला, जुन्या कोंबड्या पेंगायला लागल्या म्हणजे, नवीला अलगद उचलून खुराड्यात मधोमध बसवायची. सकाळी सगळ्या बरोबरच उठतात, आणि कोण नवी ते त्यांना नीटसं आठवत नाही. तरी चोची मारतात. पहिल्या दिवशी दाणे दोन ठिकाणी टाकायचे आणि तिथे बसून राहायचं. रक्त निघालं तर लगेच हळद-तेल लावायचं, कारण लाल दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात.

हे सगळं बाजारातल्या कोंबडीसाठी. घरची कोंबडी, म्हणजे ओळखीच्या घरात वाढलेली, जिथे रोग पडलेला नाही हे ठाऊक आहे अशी, तिला इतकं नसे. ती थेट डालग्यात.

त्या दिवाळीनंतर माझे वडील मला बघायला आले. माझं माहेर नेवाशाकडे, घोडेगावच्या अलीकडे. वडील कमी बोलणारे, अंगाने बारीक, सासरी आले की फार अवघडायचे. आपण मुलीला काही दिलं नाही, हे त्यांच्या बसण्यातसुद्धा दिसायचं. ओट्याच्या अगदी कडेला बसायचे. सासू दारातून त्यांच्याशी बोलली. तेव्हा अंडीवाला आणखी अंडी मागत होता आणि तिला कोंबड्या वाढवायच्या होत्या.

"पावनं," ती म्हणाली, "तुमच्या घरी काळ्या कोंबड्या हायेत म्हनं. पोरगी सांगत हुती. तलंगा असल्या तर आना की दोन-तीन. मला बाजारातल्या नकोत. घरच्या पायजेत."

तलंग म्हणजे वयात आलेली, अंड्यावर यायला झालेली कोंबडी. वडिलांना आनंद झाला. विहिणीने आपण होऊन काही मागितलं होतं, आणि ते देण्यासारखं होतं. "आनतो की," ते म्हणाले. "त्यात काय. घरच्याच हायेत."

थंडी सरता सरता ते आले. खांद्यावर टोपली, टोपलीवर फडकं बांधलेलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले आणि त्यांनी फडकं सोडलं. आत तीन तलंगा होत्या. एक तांबडी, दोन कवड्या, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या.

माझ्या आईच्या कोंबड्या सगळ्या काळ्या. एका काळ्या कोंबडीची ती सगळी पैदास होती. मी लहानपणापासून त्यांच्यामागे पळाले होते. आमच्या घरी कवडी कोंबडी कधी नव्हतीच. मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"घरच्या," ते सासूला म्हणाले. "काळ्या अंड्यावर हुत्या, म्हनून ह्या आनल्या. पन घरच्याच."

सासूने एकेक तलंग उचलली. तिची सवय होती, कोंबडी हातात घेतली की पोटाखाली हात घालून वजन बघायचं, पंख उघडून बघायचे, मग पाय. तिने पाय बघितले. जरा वेळ बघितले. मग पदर नीट करून म्हणाली, "चांगल्या हायेत." आणि मला म्हणाली, "बघत काय उभी ऱ्हायलीस? हळदी-कुंकू आन."

आमच्याकडे व्याह्याने आणलेली वस्तू अशी घेतात. गाय असो, शेळी असो, भाजीची जुडी असो, हळदी-कुंकू लावून त्याच दिवशी आत घ्यायची. ती बाहेर ठेवणं म्हणजे आणणाऱ्याला बाहेर ठेवणं. मी हळदी-कुंकू आणलं. सासूने तिन्ही तलंगांच्या डोक्याला बोट लावलं आणि त्यांना अंगणातल्या डालग्याखाली ठेवलं. पलीकडच्या घरातली माझी चुलत सासू, तिला मी काकी म्हणायची, कुंपणापाशी येऊन उभीच होती.

"बापानं गाय आनली वाटतं," काकी म्हणाली.

"दूध पन दील हां," नणंद म्हणाली. "तू चरवी घिऊन ये."

सगळ्या हसल्या. वडीलही हसले. त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मी ओट्यावर मागे टेकून बसलेलं बघितलं. जेवायला वाढलं, पोळी केली होती. ते पोटभर जेवले आणि ऊन उतरायच्या आत गेले.

ते गेल्यावर मी सासूजवळ गेले. "आत्याबाई," मी म्हणाले, "खळ्यावर बांधू का त्या? जरा दिवस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले.

"तुज्या बापानं आनलेला जिन्नस मी खळ्यावर बांधू? काकी भाईर उभी हाय, तिला काय सांगू? तुज्या बापाला उद्या कुनी इचारलं, तर त्यो काय सांगंल?" मग म्हणाली, "घरच्या हायेत म्हनला ना त्यो?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग झालं."

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन. सुनेने आपला बाप खोटं बोलला असं सासूला सांगायचं, हे माझ्या तोंडून निघालं नसतं. आजही मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, नसतंच निघालं. त्या गोष्टीची मला लाज वाटत नाही. लाज दुसऱ्याच गोष्टींची आहे.

बाकी सगळं सासूने रीतीने केलं. डालग्यात ठेवल्या, भोवती दाणे टाकले, मग एका संध्याकाळी खुराड्यात बसवल्या. सकाळी जुन्या कोंबड्यांनी फारशी चोच मारली नाही. नणंद म्हणाली, "वयनी, तुज्या म्हायेरच्या लई गरीब हायेत गं, भांडत बी न्हाईत." मला बरं वाटलं होतं. दोन-चार दिवसांनी तांबडी तलंग भिंतीशी बसलेली दिसली. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून. सासूने तिची शीट बघितली आणि काही न बोलता तिला उचलून खळ्यावर नेलं. पण तोवर ती सगळ्यांबरोबर एका परळात पाणी पीत होती.

मानमोडी म्हणतात त्या रोगाला. कोंबडीची मान वाकडी होते, डोकं मागे जातं, ती उलटी उलटी चालते आणि गरगर फिरून पडते. नीट धडधाकट कोंबडी सकाळी दाणे टिपते आणि दुपारी पाय झाडते. सासूने लसूण ठेचून चारला, हळदीचं पाणी चोचीत घातलं, खुराड्यात कडुलिंबाचा धूर केला. एकीलाही गुण आला नाही. रोज सकाळी नणंद खुराड्याचं दार उघडायची आणि आधी कान देऊन ऐकायची. आत किती आवाज आहे त्यावरून तिला कळायचं. एके दिवशी तिने दार उघडलंच नाही, तशीच येऊन चुलीपाशी बसली. मग सासू गेली.

अंडीवाला आला, त्याने आजारी कोंबड्या स्वस्तात मागितल्या. म्हणाला, कापल्यावर कुणाला काय कळतंय. सासू म्हणाली, "दुसऱ्या गावात न्हिऊन इकशील. चल, निघ." नणंदेने ओढ्याकाठी खड्डा खणला आणि आम्ही दोघींनी टोपलीने मेलेल्या कोंबड्या नेऊन पुरल्या. त्यात माझ्या वडिलांनी आणलेल्या तिन्ही होत्या. हळदी-कुंकवाचा डाग अजून एकीच्या डोक्यावर होता. मी तिला आधी टाकलं, खाली जावी म्हणून.

आमच्या कोंबड्यांमागोमाग काकीच्या गेल्या, मग पुढच्या घराच्या. कोंबड्यांना कुंपण कुठे कळतं. साऱ्या आळीतली खुराडी रिकामी झाली. आणि मग बायका बोलायला लागल्या. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. काकी थांबली नाही. ती आमच्या अंगणात आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "आक्का, मी आपली सरळ इचारते. तुज्या सुनेच्या बापानं आनल्या त्याच्यानंतर ह्ये सुरू झालं का न्हाई?"

मी जात्यावर बसले होते. माझा हात थांबला.

"वाऱ्यानं आलं," सासू म्हणाली.

"वारा आमच्याकडनं तुमच्याकडं वाहतोय ह्या दिवसात. तुमच्याकडनं आमच्याकडं न्हाई."

"मग तुज्याकडनं आलं आसंल."

"माज्या तर नंतर मेल्या!"

"आता मेलेल्या कोंबडीला जाऊन इचार, कुठनं लागलं तुला," सासू म्हणाली. "घरच्या हुत्या त्या. त्येंच्या गावात काय बी न्हाई. जा आता, मला कामं हायेत."

काकी गेली, पण जाताना माझ्याकडे बघून गेली. मी जातं ओढायला लागले. सासू आत आली आणि माझ्यासमोर बसली. हळू आवाजात म्हणाली, "पायाला सुतळी काचल्याचे वन हुते."

मी जात्याचा खुंटा सोडला.

"तिन्हींच्या पायाला. बाजारात जोडीजोडीनं बांदून ठिवत्यात ना, तसले. ताजे हुते. त्येनं सुतळी सोडून आनल्या, पन वन कसं सोडनार." तिने जात्यातलं सांडलेलं पीठ बोटाने गोळा केलं. "मला पयल्या मिंटाला कळलं हुतं."

"मग खळ्यावर का न्हाई बांधल्या?" मी विचारलं.

"आन त्येला त्वांडावर खोटं पाडू? माज्या दारात? जेवायला बसायच्या आधी?" ती उठली. "वाटलं, हुतंय काय. दर येळी काय रोग असतोय का."

तिने पुन्हा हा विषय माझ्याशी काढला नाही. ती मला एरवी पुष्कळ बोलायची; भाकरी जाड झाली, पाणी सांडलं, झोप जास्त झाली, सगळ्यावर बोलायची. याच्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. टोमणा मारला की माणूस मनातल्या मनात उलटून बोलतं आणि मोकळं होतं. तिने ती वाट ठेवली नाही.

कोंबड्या गेल्या आणि सासऱ्यांनी जेवताना पुन्हा जुना प्रश्न विचारला. सासूने भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली. दुसऱ्या दिवसापासून नणंद दुसऱ्याच्या रानात कामाला जायला लागली. आम्ही काही भूमिहीन नव्हतो. घरची जमीन असताना घरची लेक परक्याच्या बांधावर रोजाने जाते, हे आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं. ती पहाटे मुलीला माझ्याजवळ झोपवून जायची आणि दिवस मावळताना यायची. मला म्हणायची, "वयनी, पोरीनं तरास दिला का गं?" तिने मला कधी काही म्हटलं नाही. तिला माहीत होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

सासूने खुराडं उन्हाळाभर रिकामं ठेवलं. आतलं गवत-पाचोळा जाळला, माती खरवडून काढली, शेणाने सारवलं, चुना मारला, आणि दार सताड उघडं ठेवून ऊन आत जाऊ दिलं. "लगीच दुसरी आनली तर तिला बी तेच हुईल," ती म्हणायची. वाट बघणं तिला येत होतं. पण त्या दिवसांत ती येता-जाता त्या उघड्या दाराकडे बघायची नाही. तोंड फिरवून जायची.

आकितीसाठी वडील मला न्यायला आले. अक्षय्य तृतीयेला मुली माहेरी जातात. त्यांनी टोपरं नवं घेतलं होतं, नणंदेच्या मुलीसाठी. हात रिकामे नव्हते म्हणून खुशीत होते. ओट्यावर बसले, पाणी प्यायले, आणि अंगणात नजर फिरवून म्हणाले, "कोंबड्या कुठं दिसत न्हाईत?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं, सगळ्या जगाला माहीत आहे.

मी चुलीपाशी होते, सासू दारात होती. सासरे सुपारी कातरत होते; त्यांचा अडकित्ता थांबला. तेवढ्यात नणंद दुपारच्या भाकरीला रानातून आली. पायांना धूळ, खुरपं हातात. तीही तिथेच उभी राहिली.

"इकल्या," सासू म्हणाली.

"समद्या?"

"पलटनीत लई मागनी हाय. अंडीवाला म्हनला, समद्याच द्या. दिल्या."

"आमच्या पन?"

"तुमच्या तर पयल्या गेल्या, पावनं."

या शेवटच्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. वडिलांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. ते सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "मी म्हनलोच हुतो. जात चांगली हाय ती." मग पुन्हा सासूला म्हणाले, "मग आता आनखी आनतो. पाच-सहा आनतो. हिला पोचवायला यीन तवाच घिऊन यीन."

"आता नको," सासू म्हणाली. "जागा न्हाई."

"जागा न्हाई?" वडील हसले. "खुराडं तर मोकळं पडलंय की! चुना बी मारलाय!"

नणंदेने खुरपं भिंतीला टेकवलं आणि ती आत निघून गेली. सासऱ्यांनी सुपारी तोंडात टाकली. सासू म्हणाली, "बघू," आणि ताट वाढायला वळली.

त्याच सुमारास सासूने माळावरच्या एका धनगर बाईकडून अर्धलीने कोंबडी घ्यायचं ठरवलं होतं. अर्धली म्हणजे कोंबडी तिची, राखायची आपण, पिलं निम्मी निम्मी. पूर्वी सासूच लोकांना अशी कोंबडी द्यायची. आता ती मागायला गेली होती. माळावर रोग पोचला नव्हता, म्हणून तिथली. कोंबडी खुडूक होती आणि पावसाआधी तिची पिलं निघणार होती. त्या पिलांत माझे वडील बाजारातल्या पाच-सहा कोंबड्या घेऊन येणार होते, हळदी-कुंकू लावून घ्यायच्या.

सासू त्यांना नाही म्हणणार नव्हती. ते मी एकदा बघितलं होतं.

मी आणि वडील दुपारी निघालो. पुढे कुणाची तरी गाडी भेटली तर भेटली, नाहीतर चालतच. गावाबाहेर ओढा ओलांडला. जिथे कोंबड्या पुरल्या होत्या तिथून जरा पुढे गेल्यावर मी म्हणाले, "आबा, तुमी कोंबड्या आनू नका."

"का गं?"

"त्या बाजारातल्या हुत्या."

ते चालत राहिले. मग म्हणाले, "आपल्या काळ्या पावसाळ्यातच गेल्या. एक बी न्हाई उरली. दिवाळीनंतर मी हितं आलो तवा एक कोंबडी न्हवती घरात. पन इहिनबाईनं मागितल्या. तुजी आई म्हनली, घोडेगावच्या बाजारातनं आना, पन घरच्या म्हना. इकतच्या म्हनलं तर म्हनतील, पोरीसाठी घरातलं काय निघालं न्हाई."

"त्या इकल्या न्हाईत," मी म्हणाले. "मेल्या. आत्याबाईंच्या समद्या मेल्या. आळीतल्या बी मेल्या. वन्सं रोजानं जात्यात त्या त्याच्यापायीच."

मला गोल करून बोलता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. वडील थांबले. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, झटकलं, परत बांधलं. मला वाटलं ते कोंबड्यांबद्दल विचारतील, किंवा नणंदेबद्दल. त्यांनी विचारलं, "इहिनबाईला ठाव हुतं? बाजारातल्या हायेत त्ये?"

"व्हय."

"कवापासनं?"

"हातात घेतल्या तवापासनं. पायाला वन हुते."

"म्हंजी मी जेवलो तवा तिला ठाव हुतं."

"व्हय."

"आन आज बी."

मी मान हलवली. पुढे घरी पोचेपर्यंत ते बोलले नाहीत. एक गाडी मिळाली, गाडीवाल्याने पाऊसपाण्याचं विचारलं, तर मीच उत्तरं दिली. आकितीचं जेवण केलं, आईने आमरस केला होता. वडील अर्ध्या ताटावरून उठले. आईला काय सांगितलं की नाही मला माहीत नाही. माझ्या माहेरपणाचे ते दिवस सगळे असेच गेले. मी कोंबड्या वाचवायला बोलले होते, आणि बोलणं बरोबरच होतं. पण माझा बाप मी बोलल्यापासून स्वतःच्या घरात ओट्याच्या कडेला बसायला लागला.

मला परत पोचवायला ते आले ते गावाच्या वेशीपर्यंत. विहिरीपाशी त्यांनी माझं गाठोडं माझ्या हातात दिलं. "तू जा," ते म्हणाले. "मला परत जायचंय, उशीर हुतोय." ऊन डोक्यावर होतं. उशीर कसलाच होत नव्हता. ते मागे वळून न बघता गेले. त्यानंतर माझं बाळंतपण झालं, नणंदेची मुलगी शाळेत गेली, सासरे गेले. ते आमच्या दारात आले नाहीत. प्रत्येक वेळी माझ्या भावाला पाठवायचे.

मी घरी आले तेव्हा सासू अंगणात होती. डालग्याखाली माळावरची ती कोंबडी अंड्यांवर बसली होती, एक अंडं चोचीने फुटायला लागलं होतं. सासूने माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे रस्त्याकडे.

"बाप कुठं हाय?"

"वेशीवरनंच गेले."

"जेवायच्या येळंला? पानी बी न पिता?" तिने हात पदराला पुसले. मग माझा चेहरा बघून ती जागीच थांबली. "सांगितलंस व्हय त्येला?"

"व्हय."

"मला ठाव हुतं त्ये बी सांगितलंस?"

"त्येंनी इचारलं."

ती खाली बसली. तिने डालग्यावर हात ठेवला. आतली कोंबडी कुरकुरत होती.

"अगं, मग मी कशाला गप बसले?" ती म्हणाली. "माज्या कोंबड्या गेल्या. माजी पोर लोकाच्या रानात जाती. काकीला खोटं सांगितलं, तुज्या बापाला खोटं सांगितलं. कशापायी? त्येचं त्वांड ऱ्हावं म्हनून ना? आन तू त्येला रस्त्यात उभा करून सांगितलंस."

"त्यांनी आनखी आनल्या असत्या," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "आनल्या असत्या."

तिला ते खरं वाटत होतं आणि मलाही. मी गाठोडं खाली ठेवलं, हातपाय धुतले, राखेने धुतले, आणि पाण्याची घागर उचलली. पिलं वाढली, निम्मी धनगरणीला दिली, निम्मी आमची झाली. पुढच्या दिवाळीपर्यंत नणंदेचं रोजाने जाणं थांबलं. अंगण पुन्हा भरलं. माझ्या माहेराहून त्या घरात त्यानंतर काही जिवंत आलं नाही, आणि सासूने कधी मागितलं नाही.